एव्हरेस्ट पॅकेजमधली एक ओळ : ‘पर्सनल क्लायंबिंग शेर्पा, १:१’

काठमांडूतल्या कुठल्याही मोहीम-कंपनीचं माहितीपत्रक उघडा. ‘पॅकेजमध्ये काय काय’ या मथळ्याखाली पंचवीस-तीस ओळी असतात. परमिट, लुक्लाचं विमान, बेस कॅम्पवर उभं राहता येईल एवढा स्वतंत्र तंबू, गरम पाण्याची अंघोळ, वायफाय, ताजी कॉफी. त्यातच मधे कुठेतरी लिहिलेलं असतं : ‘पर्सनल क्लायंबिंग शेर्पा, १:१’, म्हणजे एका ग्राहकामागे एक शेर्पा. बाकीच्या सगळ्या ओळी खोडल्या तरी मोहीम कशीबशी पार पडेल. ही एक खोडली तर बहुतेक ग्राहकांची मोहीम बेस कॅम्पच्या वर लगेच लागणाऱ्या खुंबू आइसफॉल या भेगाळलेल्या हिमनदीच्या पायथ्याशीच आटोपेल. तरी परत आल्यावर लोक जे अभिप्राय लिहितात, त्यात जेवणाला दोन परिच्छेद, तंबूला एक, आणि शेर्पाच्या वाट्याला ‘खूप मदत केली, सदैव हसतमुख’ एवढंच. म्हणून हे परीक्षण फक्त त्या एका ओळीचं. एव्हरेस्टची नेपाळकडची बाजू, वसंतातला मोसम आणि साधारण चाळीस ते साठ हजार डॉलरचं पॅकेज, एवढ्यापुरतं.

माहितीपत्रकात एकाच शेर्पाचा उल्लेख असला तरी तुमच्यासाठी राबणारी माणसं बरीच असतात, आणि त्यातली बहुतेक तुम्हाला कधी दिसतही नाहीत. पहिली तुकडी ‘आइसफॉल डॉक्टरां’ची. सागरमाथा पोल्युशन कंट्रोल कमिटी, म्हणजे एसपीसीसी, यांना नेमते. मार्चमध्ये, ग्राहक अजून घरी बॅगा भरत असतात तेव्हा, ही मंडळी बेस कॅम्प ते कॅम्प २ हा रस्ता बांधायला घेतात. ॲल्युमिनियमच्या शिड्या एकमेकींना दोरीने बांधून हिमभेगांवर टाकायच्या, आइस स्क्रू आणि स्नो बार ठोकून दोर लावायचा. तिथली हिमनदी दिवसाला तीन-तीन फुटांपर्यंत सरकते. आज आडवी टाकलेली शिडी चार दिवसांनी वाकलेली किंवा एका टोकाने लोंबकळलेली सापडते. त्यामुळे रस्ता एकदा बांधून भागत नाही. मे अखेरपर्यंत रोज पाहणी आणि रोज दुरुस्ती. अलीकडे ड्रोनची मदत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये चाचणी झाली, पुढच्या मोसमात शिड्या आणि दोर वर पोचवायला ते वापरलेही गेले. एका खेपेला पंधराएक किलो. आजवर त्या वाटेवर आलेल्या सुधारणांमध्ये आम्हाला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे माणसाच्या फेऱ्या खरोखर कमी होतात.

कॅम्प २ च्या वर दोर लावणारी तुकडी वेगळी. वेगवेगळ्या कंपन्यांतले निवडक शेर्पा एकत्र येऊन ल्होत्से फेस ही बर्फाची भिंत, साउथ कोल ही शेवटच्या कॅम्पची खिंड, बाल्कनी हा तिच्या वरचा टप्पा असं करत शिखरापर्यंत दोर नेतात. मोसमातली पहिली शिखरचढाई सहसा यांचीच असते. त्यांच्यापुढे दोर नसतो, पाऊलवाट नसते. ग्राहक त्यानंतर जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, अडकवून त्याच दोरावरून चढतात.

आता ओझ्याचा हिशोब. पॅकेजची किंमत कशात जाते ते यातच कळतं. दहा ग्राहक आणि दहा शेर्पांची तुकडी धरा. ग्राहकाला ऑक्सिजनचे सहा सिलिंडर, शेर्पाला तीन. झाले नव्वद. चार लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर भरलेला असताना तीन-चार किलोंचा. म्हणजे नुसता ऑक्सिजनच तीनशे किलोंच्या वर. यातले बहुतेक सिलिंडर कॅम्प २ वरून, साधारण ६,४०० मीटरवरून, साउथ कोलपर्यंत, म्हणजे ७,९०० मीटरपर्यंत पाठीवर जातात. एका खेपेला चार सिलिंडर धरले तरी वीसहून जास्त खेपा. तंबू, स्टोव्ह, गॅस, दोर आणि खाणं यात धरलेलं नाही. ही खेप एका दिवसात करायची असते. पहाटेच्या अंधारात निघायचं, दीड हजार मीटर चढायचं, ओझं कोलवर ठेवायचं आणि जेवणाच्या वेळेला खाली कॅम्प २ वर परत. मोसम संपला की रिकामे सिलिंडर, फाटके तंबू आणि कचरा याच पाठींवरून खाली येतो.

आइसफॉलमधून ग्राहक पूर्वी चार-पाच फेऱ्या करायचा. आता बऱ्याच कंपन्या त्याला लोबुचे ईस्ट, ६,११९ मीटर, या शेजारच्या शिखरावर नेऊन उंचीची सवय करून देतात आणि आइसफॉलमधल्या एक-दोन फेऱ्या वाचवतात. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण ओझं तेवढंच राहतं, त्यामुळे शेर्पाची एकही फेरी वाचत नाही. धोका एकाच्या माथ्यावरून उचलून दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवला जातो आणि माहितीपत्रकात याचं नाव ‘वाढीव सुरक्षितता’. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी पश्चिम खांद्यावरचा लटकता हिमकडा आइसफॉलवर कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. परदेशी ग्राहक त्यात एकही नव्हता. माणसं वरच्या कॅम्पांचं सामान घेऊन चढत होती. १२ एप्रिल २०२३ ला त्याच आइसफॉलमध्ये तीन शेर्पा गाडले गेले, तेही ओझ्यासह. शंभर वर्षांमागे, १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत तिबेटकडच्या नॉर्थ कोल या खिंडीखाली हिमस्खलन झालं तेव्हा गेलेले सातही जण भारवाहकच होते.

‘पर्सनल’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो तो शिखराच्या रात्री. साउथ कोलवरून संध्याकाळी किंवा रात्री निघायचं, आठ ते बारा तास चढाई, चार-सहा तास उतार. १,२०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने दहा तास पुरतो, चार लिटरने पाच. ग्राहक चढताना बहुधा चारवर असतो. म्हणजे दोन सिलिंडर वर जाताना आणि एक येताना. पाठीवर एका वेळी एकच. उरलेले शेर्पाच्या पाठीवर, त्याच्या स्वतःच्या सिलिंडरशिवाय. शेर्पा स्वतः दोन लिटरवर चालतो, कधी त्याहून कमीवर.

८,४०० मीटरवर, बाल्कनीच्या टप्प्यावर, सिलिंडर बदलतात. ग्राहकाच्या लेखी तो पाच मिनिटांचा विसावा. शेर्पाच्या लेखी ते रात्रीतलं सर्वांत नाजूक काम. ग्राहकाची सॅक उतरवायची, ती घसरू नये म्हणून कॅरॅबिनर या कडीने दोरात अडकवायची. जाड मिटन्स काढून पातळ हातमोज्यांवर यायचं, कारण मिटन्समध्ये रेग्युलेटरचे आटे हाताला लागत नाहीत. जुना सिलिंडर सोडायचा. नव्याच्या तोंडावरची टोपी काढून आट्यांत बर्फ नाही ना ते बघायचं. असेल तर बोटाने किंवा फुंकून साफ करायचा. रेग्युलेटर सरळ बसवायचा. इथे घाई केली की आटा तिरका चढतो आणि बारीक सूं-सूं आवाज सुरू होतो. तो आवाज वाऱ्यात ऐकू आला नाही तर पाच तासांचा ऑक्सिजन दोन तासांत संपतो आणि हे कळतं ते शिखराखालच्या हिलरी स्टेप या खड्या टप्प्याच्या आसपास. मग काटा बघायचा, प्रवाह ठरवायचा, नळी सॅकच्या झाकणाखाली दुमडली नाही ना ते चाचपायचं, मास्कच्या बाहेर जाणाऱ्या हवेच्या झडपेवर गोठलेली लाळ ठोकून काढायची. हे सगळं उणे तीस अंशांच्या आसपास, हेडलॅम्पच्या उजेडात. तोवर त्याची स्वतःची बोटं उघडी.

हे काम शंभरदा केलेला माणूस आणि पाचदा केलेला माणूस यांत जो फरक आहे, तो ‘१:१’ या दोन आकड्यांत दिसत नाही. आमची पहिली तक्रार तीच. माहितीपत्रक गुणोत्तर सांगतं, गुणवत्ता सांगत नाही. स्वस्त पॅकेजात कधीकधी कालपर्यंत बेस कॅम्पच्या किचनमध्ये काम करणारा किंवा ट्रेकवर ओझं वाहणारा मुलगा ‘क्लायंबिंग शेर्पा’ म्हणून पुढे केला जातो. त्याची ताकद आणि जिद्द यांत खोट नसते. पण सिलिंडरवर बिघडलेला रेग्युलेटर ओळखणं, मेंदूला सूज आलेल्या माणसाचं बरळणं आणि थकव्याचं बरळणं यांतला फरक कळणं, बेशुद्ध माणसाला दोरावरून उतरवणं हे शिकावंच लागतं. नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशनचे अभ्यासक्रम आहेत, फोर्चे गावातलं खुंबू क्लायंबिंग सेंटर आहे, आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे आयएफएमजीए हे आंतरराष्ट्रीय गाइडचं प्रमाणपत्र. पैसे भरण्याआधी कंपनीला सरळ विचारा : माझ्याबरोबर येणाऱ्याचं नाव काय, त्याने कोणता कोर्स केलाय, आठ हजार मीटरच्या वर तो किती मोसम गेलाय. ‘सगळे आमचे अनुभवी आहेत’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही.

इथे एक खुलासा. ‘शेर्पा’ हे मुळात सोलुखुंबू आणि आसपासच्या समाजाचं नाव. हुद्द्याचं नाव ते मोहिमांनी केलं. आज या कामात तामांग, राई, गुरुंग, मगरही आहेत. त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारली की माणूस आणि काम दोन्ही पुसट होतात.

दुसरा प्रश्न शेर्पाच्या ऑक्सिजनचा. तो विचारताना लोक संकोचतात. विचाराच. ग्राहकाला सहा आणि शेर्पाला दोन सिलिंडर असं पॅकेज असेल, तर वर काही बिनसल्यावर तुमच्यासाठी राखीव साठा म्हणजे तुमच्या शेर्पाच्या तोंडावरचा मास्क, हे समजून चाला. वर असं खूपदा घडतं : ग्राहक हळू चालतो, सिलिंडर वेळेआधी संपतो, शेर्पा आपला काढून त्याला लावतो. मग सबंध उतारावर दोरावरचे निर्णय घेणारा माणूस ऑक्सिजनविना असतो. शेर्पाला किमान तीन, आणि तुकडीसाठी साउथ कोलवर वेगळे राखीव, यापेक्षा कमी असेल तर पॅकेज घेऊ नये. दर तीन-चार ग्राहकांमागे एक जादा मास्क आणि रेग्युलेटर कुणाच्या जॅकेटच्या आत, उबेत, असतो का हेही विचारावं. सॅकच्या तळाशी गोठलेला जादा रेग्युलेटर असून नसल्यासारखा.

सर्वांत मोठा दोष मात्र बोनसच्या रचनेत आहे, आणि तो ग्राहकाच्याच जिवावर बेततो. शेर्पाच्या कमाईत पगार, वरच्या कॅम्पांवर नेलेल्या ओझ्याचे पैसे आणि ‘समिट बोनस’ असे तुकडे असतात. बोनस साधारण हजार-दीड हजार डॉलरचा. घरच्या वर्षाच्या खर्चातला मोठा हिस्सा. बऱ्याच पॅकेजांत तो ग्राहक शिखरावर पोचला तरच मिळतो. आता साउथ समिटवर, मुख्य शिखराच्या थोडं अलीकडच्या उंचवट्यावर, दुपारचा एक वाजलाय, ग्राहक दर चार पावलांनी थांबतोय, ढग वर येताहेत. परत फिरवणं हा योग्य निर्णय. तो घेणाऱ्या माणसाचे मात्र दीड हजार डॉलर जातात, शिवाय खाली आल्यावर ग्राहकाची नाराजी पदरात. अनुभवी शेर्पा तरीही फिरवतात. पण आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या त्यागावर टांगून ठेवणारा करार वाईट करारच म्हणायचा. चांगल्या कंपन्या बोनस उंचीनुसार देतात : साउथ कोल गाठलं की इतका, बाल्कनी ओलांडली की पूर्ण. याबद्दल लेखी घ्या. ‘समिट बोनस पॅकेजमध्ये नाही’ अशी बारीक अक्षरातली ओळ असेल तर ती रक्कम बेस कॅम्प सोडण्यापूर्वीच बाजूला काढा आणि शेर्पाला सांगून टाका की शिखर होवो न होवो, ती त्याची आहे. परत फिरण्याच्या वेळेवरचं बोलणं मग मोकळं होतं.

विम्याकडे वळू. २०१४ च्या दुर्घटनेनंतर सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले आणि बेस कॅम्पवर संताप उसळला. तेव्हा विम्याची रक्कम दहा लाख होती. त्या आंदोलनानंतर पंधरा लाख झाली. २०२५ च्या नव्या नियमांत उंचीवरच्या गाइडसाठी ती वीस लाख केली गेली. त्याच नियमांनी वसंतातलं एव्हरेस्टचं परमिट अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलरवर नेलं, १ सप्टेंबर २०२५ पासून. डॉलरला १४० नेपाळी रुपये धरले तर पंधरा हजार डॉलरचे एकवीस लाख होतात. एका ग्राहकाच्या परवान्याचे पैसे एका गाइडच्या जिवाच्या विम्याहून जास्त. आठ हजार मीटरवरच्या शिखरांवर दोन गिर्यारोहकांमागे किमान एक गाइड हवाच, हा नियमही त्याच वेळचा. तो चांगला आहे. विम्याचा आकडा मात्र अपुरा आहे आणि काही कंपन्या स्वतःहून वरचा विमा काढतात. त्यांना जास्त पैसे द्यावेत. मृत्यूबरोबर कायमचं अपंगत्व, हिमदंशाचे उपचार आणि शेर्पासाठीही हेलिकॉप्टर या तिन्ही गोष्टी त्यात आहेत का, ते बघावं. बोटं गेलेला गाइड जिवंत असतो, पण त्याचं काम संपलेलं असतं.

सेवा कुठवर जाऊ शकते याचं एक उदाहरण सर्वांना माहीत असावं. १८ मे २०२३ ला गेल्जे शेर्पा आपल्या ग्राहकाला घेऊन शिखराकडे निघाले होते. बाल्कनीच्या आसपास एक मलेशियन गिर्यारोहक दोराला धरून कुडकुडत बसलेला त्यांना दिसला. गेल्जेंनी ग्राहकाची समजूत घालून शिखर सोडलं. त्या माणसाला झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळून कधी बर्फावरून ओढत, कधी पाठीवर घेऊन त्यांनी जवळपास सहा तासांत सहाशे मीटर खाली आणलं. नंतर निमा ताही शेर्पा मदतीला आले. कॅम्प ३ वरून हेलिकॉप्टरने दोराला लटकवून त्याला बेस कॅम्पवर नेलं. पुढे त्याने समाजमाध्यमांवर आभार मानले ते प्रायोजकांचे आणि विम्याचे. गेल्जेंचं नाव आलं ते लोकांनी टीका केल्यावर. त्या उंचीवरून माणूस जिवंत खाली आणणं अशक्यातली गोष्ट मानली जाते. पॅकेजच्या कुठल्याही ओळीत ती नसते.

पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतरांगेत हीच सेवा ‘हाय अल्टिट्यूड पोर्टर’ या नावाने मिळते आणि आमच्या मते तिथली स्थिती नेपाळपेक्षा वाईट आहे. साधनं तोकडी, प्रशिक्षण कमी. २७ जुलै २०२३ ला के-टूच्या बॉटलनेक या चिंचोळ्या घळीजवळ मोहम्मद हसन हा पाकिस्तानी पोर्टर पडला आणि त्याच अरुंद वाटेवरून माणसं शिखराकडे जात राहिली. त्याच्या अंगावर डाउन सूट, म्हणजे पिसं भरलेला उबदार पोशाख, नव्हता. १९५४ मध्ये याच पर्वतावर हुंझाच्या आमिर मेहदींनी वॉल्टर बोनाती यांच्यासोबत इटालियन शिखर-तुकडीसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर वर पोचवले, ८,१०० मीटरवर तंबूविना रात्र काढली आणि पायाची सगळी बोटं गमावली. दुसऱ्या दिवशी शिखर झालं. म्हणून के-टूचं पॅकेज बघताना पहिला प्रश्न हाच ठेवा : पोर्टरच्या अंगावर आणि पायात काय असेल, आणि ते कोण देणार?

सेवा म्हणून गुण द्यायचे तर या माणसांच्या कामाला पैकीच्या पैकी. कौशल्य कमी पडतं म्हणून ते मागे राहिलेत असं कुणाला वाटत असेल, तर हिवाळ्यात के-टू पहिल्यांदा चढणारे दहाही जण नेपाळी होते, १६ जानेवारी २०२१. अंग रिता यांनी ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट दहा वेळा केलं. कामी रिता २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा वर गेले. १९५३ च्या मोहिमेत तेनझिंग सरदार, म्हणजे शेर्पांचे प्रमुख, ही होते आणि शिखर-तुकडीतले गिर्यारोहकही. दोन्ही कामं एकाच माणसाची असतात, हे तेव्हाच दिसलं होतं. ‘१:१’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकेजला मात्र निम्मे गुणही जड जातात, आणि जिथे कंपनी शेर्पाचं नाव, त्याचा ऑक्सिजन, विमा आणि बोनसची अट लेखी देत नाही तिथे शून्य. २०१६ मध्ये मोहिमेचा सदस्य कोण या नियमावलीतल्या व्याख्येवर बोट ठेवून शेर्पांना शिखराची प्रमाणपत्रं देणं सरकारने थांबवलं होतं. पुढे नियम बदलावा लागला. ग्राहकाला मिळालेलं प्रमाणपत्र तेव्हा त्या माणसाला नव्हतं, ज्याने त्याला वर नेलं.

टीप देताना किचनची आणि क्लायंबिंग शेर्पाची वेगळी ठेवा, रोख द्या आणि ज्याची त्याच्या हातात द्या. आपली वैयक्तिक बॅग वरच्या कॅम्पांवर कोण नेणार, हे आधी ठरवा. कॅमेरा आणि झेंड्यांचे जादा दोन किलो न विचारता त्याच्या सॅकमध्ये सरकवू नका. डाउन सूट, बूट, हार्नेस चांगल्या स्थितीत असतील तर मोसमाअखेर देऊन टाकायची चांगली पद्धत आहे, पण ती बोनसऐवजी नसते.

आणि अभिप्राय लिहाल तेव्हा नाव पूर्ण लिहा. शेर्पा समाजात बरीच नावं जन्मवारावरून येतात : रविवारचा निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेम्बा. एकाच मोहिमेत तीन पासांग सहज निघतात. नुसतं ‘पासांग शेर्पा’ लिहिलंत तर पुढच्या ग्राहकाला तो सापडणार नाही आणि त्याला त्या अभिप्रायावर काम मिळणार नाही. त्याला विचारून दुसरं नाव आणि गाव लिहा : थामे, फोर्चे, पांगबोचे, रोल्वालिंग, मकालूकडचं एखादं खेडं. स्पेलिंग त्याच्याच हाताने लिहून घ्या.